खालच्या अंगाचा शेजारी

कोल्हापुरात नवा माणूस भेटला की आडनावाच्या आधी पेठ विचारतात. तुम्ही शिवाजी पेठेतले निघालात आणि समोरचाही तिथलाच असला, तर लगेच चहा येतो. तो मंगळवार पेठेतला असला तरी चहा येतोच, पण आधी गेल्या हंगामातल्या फुटबॉल मॅचचा हिशेब होतो. 'जगात भारी' हे शब्द इथे रिक्षाच्या पाठीवर, पोरांच्या टी-शर्टवर आणि मंडळांच्या फलकांवर असतात. बाहेरच्याला ती गंमत वाटते. इथला माणूसही ते हसतच सांगतो, पण मनापासून सांगतो. या अभिमानाविषयी मला धर्माचा एक प्रश्न पडतो आणि तो मी पेठेतल्या माणसांसमोर पुष्कळदा काढला आहे. आपल्या गल्लीवर, आपल्या पेठेवर जीव टाकणे ही भक्ती म्हणायची की आसक्ती? संत तर 'माझे' सोडायला सांगतात. मग 'माझी पेठ' कशी काय चालते?

माझे माहेर नरसोबाची वाडी. वडिलांचे देवळाच्या वाटेवर पेढ्यांचे दुकान होते. पौर्णिमेला बासुंदीच्या कढईपासून हलायला उसंत नसे आणि कवठांचा हंगाम आला की घरभर कवठाच्या बर्फीचा वास. लग्न होऊन मी शिवाजी पेठेत आले. यजमान उद्यमनगरात टर्नर, कारखाना सुटला की तालमीत. नकाशावर बोट फिरवले तर मी प्रवाहाच्या उलट दिशेने सासरी आले आहे. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि लोकांनी श्रद्धेने धरलेली गुप्त सरस्वती यांचे पाणी प्रयाग चिखलीजवळ एक होते, त्याची पंचगंगा होते. ती कोल्हापूरच्या घाटावरून निघते, रुकडी, इचलकरंजी करत जवळपास ८० किलोमीटर वाहते आणि वाडीला येऊन कृष्णेला मिळते. सासर वरच्या अंगाला, माहेर खालच्या. सासरी मोरीत ओतलेले कधी ना कधी माहेरी पोचते. पेठेत मी वाडीची म्हटले की लोक हात जोडतात. वाडीत मी कोल्हापूरची म्हटले की अलीकडे लोक नाक धरून दाखवतात.

वाडीच्या देवळात मूर्ती नाही, पादुका आहेत. नृसिंह सरस्वती इथे बारा वर्षे राहिले आणि पुढे गाणगापूरला गेले, मागे पादुका ठेवून गेले, अशी परंपरा. पावसाळ्यात कृष्णा चढत चढत देवळाशी येते. उत्तरेच्या बाजूने पाणी आत शिरते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते. त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात. बातमी लागली की माणसे अपरात्रीसुद्धा त्या पाण्यात स्नानाला धावतात. पाणी आणखी चढले की उत्सवमूर्ती वर नारायणस्वामींच्या देवळात नेतात आणि देव पाण्याखाली राहतात. पुराला सोहळा म्हणणारे हे गाव. आलेल्या पाण्याला परके म्हणायचे नाही, हे मी तिथे शिकले. म्हणून ते पाणी वरून कसे येते, हा माझ्या लेखी नगरपालिकेचा प्रश्न होण्याच्या आधी देवाधर्माचा प्रश्न झाला.

पेठेचा अभिमान मी हलका मानत नाही. त्याने केलेली कामे डोळ्यांनी पाहिली आहेत. राजर्षी शाहूंनी कुस्तीला दिलेला आश्रय, १९१२ मध्ये उभे राहिलेले खासबाग मैदान, गल्लीगल्लीतल्या लाल मातीच्या तालमी, हे सगळे आता कुस्तीपुरते उरलेले नाही. तालीम म्हणजे पेठेचे देवघर, पंचायत आणि मदतकेंद्र. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, शहराचा संपर्क तुटला, तेव्हा आमच्या गल्लीतल्या पोरांनी कुणाच्या आदेशाची वाट पाहिली नाही. दारोदार जाऊन चपात्या गोळा केल्या, म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन जिने उतरवले. तेव्हा कुणी कुणाला जात विचारली नाही, 'कुठल्या गल्लीतले?' एवढेच विचारत होते, तेही जेवण पोचवायला पत्ता हवा म्हणून. ज्या माणसाला आपल्या जागेचे काही वाटत नाही, तो अशा रात्री दार लावून घेतो. एवढे श्रेय अभिमानाला द्यायलाच हवे.

पण आमचे सासरे रोज गीता वाचत. दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी स्थितप्रज्ञाचे वर्णन येते. ममत्व गेले, अहंकार गेला, त्यालाच शांती. एका संध्याकाळी मी त्यांना विचारले, "मामंजी, मग फुटबॉलच्या दिवशी तुमचं ममत्व कुठं जातं?" ते म्हणाले, "ते पेठेचं ममत्व, माझं न्हवं." उत्तर चलाख होते आणि पुष्कळ दिवस मला पुरलेही. पुढे त्यातली फट दिसू लागली. एकट्याचा अहंकार लोकांच्या नजरेत येतो, त्याला नावे ठेवली जातात. दहा हजार माणसांनी वाटून घेतलेला अहंकार मात्र गुलाल लावून मिरवतो आणि त्याला कुणी अहंकार म्हणत नाही. वाटून घेतल्याने तो कमी होत नाही. फक्त त्याची लाज वाटेनाशी होते.

मग उलट टोकाला जावे का? ज्ञानेश्वरांनी बाराव्या अध्यायात भक्ताचे वर्णन करताना सांगितले आहे की त्याला अवघे विश्वच आपले घर वाटते. आमच्या ओळखीतले एक गृहस्थ ही ओवी फार सुंदर म्हणतात. तेच गृहस्थ दर आठवड्याला निर्माल्याची प्लॅस्टिकची पिशवी स्कूटरला अडकवून शिवाजी पुलावर जातात आणि कठड्यावरून खाली सोडतात. पिशवी सोडताना नमस्कारही करतात. विश्व घर असल्याची त्यांची भावना खोटी आहे असे मी म्हणणार नाही. पण विश्वाला मोरी नसते, उंबरा नसतो, ओला कचरा नसतो. एवढ्या मोठ्या घरात झाडू कुठून सुरू करायचा, हे ठरत नाही आणि म्हणून तो सुरूच होत नाही. गल्लीचे ममत्व तोकडे खरे, पण त्याला हात-पाय असतात.

या दोन टोकांच्या मधे मला एकच माणूस दिसतो, गाडगेबाबा. गंमत अशी, की गावे सुधारण्याचे ज्याचे नाव महाराष्ट्रात सर्वांत आधी घेतात, त्याला स्वतःचे गाव नव्हते. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात १८७६ मध्ये परीट कुटुंबात जन्म. १९०५ मध्ये घर सोडले, ते पुन्हा संसारात परतले नाहीत. अंगावर चिंध्यांचा वेष, हातात गाडगे आणि खराटा. एखाद्या गावात आले की ओळख न देता आधी झाडायला लागायचे. दिवसा रस्ते साफ, रात्री कीर्तनात माणसांची झडती. कुणाला पाया पडू देत नसत, कुणाला शिष्य म्हणत नसत, आणि गावाची माया जडण्याच्या आत पुढच्या गावाची वाट धरत. २० डिसेंबर १९५६ ला गेले तेही वाटेवरच, अमरावतीकडे जाताना, वलगावजवळ. पंढरपुरात त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या, पण स्वतः विठ्ठलाच्या दर्शनाला आत जात नसत, बाहेर वाळवंट झाडत, असे त्यांच्याविषयी सांगतात. ममत्वाशिवाय झाडता येते, हे त्यांनी आयुष्यभर करून दाखवले. गीतेतला तो श्लोक खराटा हातात घेऊन कसा दिसतो, हे बघायचे असेल तर इथे बघावे.

आणि त्यांनी खराटा स्वतःच्या हातात घेतला, हे त्यातले सर्वांत धारदार. आपल्याकडे झाडणे हे काम जन्माने वाटून दिलेले होते, घाण करणारे वेगळे आणि काढणारे वेगळे. ज्यांनी काढायची त्यांना राहायला जागा गावकुसाबाहेर. चोखोबांची गोष्ट वारकऱ्यांना पाठ असते, पण तिचा शेवट कीर्तनात घाईने उरकतात. मंगळवेढ्याचे गावकूस बांधण्याचे काम चालू असताना ते कोसळले आणि त्याखाली चोखोबा गेले, साल १३३८. जी भिंत त्यांना बाहेर ठेवणार होती, तीच बांधताना. त्या चोखोबांच्या नावाने गाडगेबाबांनी पंढरपुरात धर्मशाळा बांधली आणि १९४९ मध्ये ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हाती दिली. गावाचा अभिमान म्हटले की मला हे गावकूस आठवते. आपल्या जागेभोवती आपण जी रेघ मारतो, ती कुणाच्या हातून मारून घेतो आणि तिच्या बाहेर कोण उभे असते? आजही चेंबर तुंबले की गल्लीचा अभिमानी माणूस फोन लावतो आणि चार पावले मागे सरकतो. खाली उतरणारा दुसराच कुणी असतो. गल्लीच्या फलकावर त्याचे नाव कधी लागलेले मी पाहिलेले नाही.

मात्र बाबांच्या वाटेलाही एक मर्यादा आहे. बाबा झाडून पुढे जात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते गाव पुन्हा त्याच गावकऱ्यांच्या हाती असे. निर्मम माणूस रस्ता दाखवतो, रोज झाडायला मात्र तिथेच राहणारा, 'हे माझे' म्हणणारा माणूस लागतो. २०००-०१ मध्ये आर. आर. पाटील ग्रामविकासमंत्री असताना राज्यात संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. ते चालले स्पर्धेवर. तालुक्यात पहिले कोण, जिल्ह्यात पहिले कोण, बक्षीस कुणाला. ज्याने आयुष्यभर गाव धरले नाही त्याच्या नावाने गावागावांचा अभिमान पेटवला गेला, आणि त्यातून गावे झाडली गेली. मला यात विसंगती वाटत नाही. अभिमान हे इंधन आहे. ते कुठल्या दिशेने जाळायचे, हे संताकडून शिकावे लागते.

दिशेचे म्हणाल तर ती कोल्हापुरात दोन बाजूंनी दिसते. नोव्हेंबरच्या ९, १० आणि ११ तारखेला, आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला मावळतीची किरणे महाद्वारातून आत येतात आणि अंबाबाईच्या चरणांवरून वर चढत चढत तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत जातात. किरणोत्सव. त्या दिवसांत सगळे शहर पश्चिमेकडे बघते. किरणांच्या वाटेत कुणाचा वाढीव मजला येतो, कुणाची पाण्याची टाकी, कुणाचा फलक, याची चर्चा होते, अडथळे मोजले जातात, ते काढण्याची मागणी होते. आज किरणे गुडघ्यापर्यंत आली, आज कमरेपर्यंत, हे दुसऱ्या दिवशी पेपरात वाचायला मिळते. मला हे फार आवडते. आपल्या घराचा एक मजला देवीच्या आणि सूर्याच्या मधे येऊ शकतो, म्हणून आपण आवरून बांधावे, ही जाणीव अख्ख्या शहराला असणे ही मोठीच गोष्ट आहे.

पण हा आत येणाऱ्या उजेडाचा हिशेब झाला. बाहेर जाणाऱ्या पाण्याचा हिशेब आपण असा ठेवत नाही. किरणे कुठवर पोचली याची बातमी त्याच संध्याकाळी होते. पाणी कुठवर पोचले याची बातमी मासे मेले की मग होते. जयंती नाला, दुधाळी नाला शहरातून वाहत अखेर पंचगंगेलाच मिळतात. कसबा बावड्याला दिवसाला ७६ दशलक्ष लिटर सांडपाणी शुद्ध करण्याच्या क्षमतेचे केंद्र आहे, पण नाला भरून वाहिला की तो केंद्राला विचारून वाहत नाही. उन्हाळ्यात पाणी थांबले की नदीवर केंदाळ पसरते. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसे दगावली, आणि नदीच्या दूषित पाण्याची चर्चा तेव्हा सगळ्या जिल्ह्याने केली. पुढे ती थांबली. इचलकरंजीच्या पुढे शिरोळ, त्याच्या पुढे वाडी. वाडीचा संगम देवळापासून जवळच आहे, आणि पुरात दोन नद्या एक झाल्या की कुठले पाणी कृष्णेचे आणि कुठले आमच्या मोरीचे, हे दत्त महाराजांनाच ठाऊक.

मधे एका वर्षी आमच्या गल्लीला स्वच्छ गल्लीचे बक्षीस मिळाले. पोरांनी खरोखरच कष्ट घेतले होते. भिंतींवर कुस्तीची आणि पन्हाळ्याची चित्रे, दारोदार कुंड्या, तुळशीवृंदावनाला नवा रंग, पानाच्या पिचकाऱ्या खरवडून काढलेल्या. सगळ्यांच्या दारात रांगोळ्या. बक्षीस घेऊन पोरे आली तेव्हा हलगी वाजत होती. त्या धांदलीत मी गल्लीच्या टोकाला गेले तर नाल्याच्या तोंडाशी रंगाचे डबे, थर्माकोल, जुन्या गाद्यांचा कापूस आणि गल्लीतून झाडून आणलेले सगळे ढकलून दिलेले. तालमीतला एक मोठा पोरगा माझ्यामागून आला होता. मी नुसते बोट दाखवले. तो म्हणाला, "काकी, नाला आपल्या गल्लीत येत न्हाई."

त्याच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता. तो सरळ हद्द सांगत होता, फलकावर लिहिलेली, स्पर्धेच्या नियमात बसणारी हद्द. एवढ्या चार शब्दांत पेठेच्या अभिमानाची सगळी शक्ती आणि सगळी खोट मला एकदम दिसली. हद्दीच्या आत तो पोरगा जीव देईल, देतोही. हद्दीच्या एक पाऊल पलीकडे त्याचा देव नाही, त्याचा शेजारी नाही, त्याचे कुणीच नाही.

समोरच्या आक्कांशी यावर माझा वाद अजून चालू आहे. आक्का माझ्याहून मोठ्या, पेठेतच जन्मलेल्या आणि पेठेतच दिलेल्या, त्यामुळे त्यांना माहेर-सासर एकच. त्या म्हणतात, "साखर कारखाने कायबी सोडत्यात, प्रोसेसवाले सोडत्यात, अख्ख्या शहराचं मैलापाणी जातंय, त्यात माझ्या मोरीचं काय घिऊन बसलीयास? मी माझं अंगण झाडतो, दुसऱ्याच्या पापाचा वाटा मी का घिऊ?" हा मुद्दा हसून सोडून देण्यासारखा नाही. मापाने पाहिले तर आक्कांचेच बरोबर आहे. नदी सुधारायची तर मोठी केंद्रे, कारखान्यांवर देखरेख, कायद्याचा धाक हे लागणारच, आणि बायकांनी निर्माल्य वेगळे ठेवल्याने कारखान्याची नळी बंद होत नाही. ज्याची जबाबदारी मोठी त्याला मोठ्या आवाजात विचारले पाहिजे. गल्ली झाडायला लावून त्याला मोकळे सोडणे, ही तर शुद्ध फसवणूक.

तरीही मी आक्कांना एक विचारले. "परवा आपली टीम जिंकली, तेव्हा तुम्ही गल्लीभर पेढे वाटलेत. गोल मारणारा पोरगा तुमचा कोण?"

"कोण न्हाई. पेठेचा हाय."

"त्या गोलात तुमचा वाटा किती?"

आक्का हसल्या. "शेंगदाण्याएवढाबी न्हाई."

"मग पेढे कशाचे?"

आक्कांनी उत्तर दिले नाही, पण रागावल्याही नाहीत. माझे म्हणणे एवढेच आहे. ज्या गोलाला आपला पाय लागला नाही त्याच्या गुलालात आपण हक्काने उभे राहतो. पेठ जिंकली म्हणजे मी जिंकलो, असे म्हणतो, आणि ते मनापासून खरे मानतो. मग पेठेने नदीत जे सोडले ते मी सोडले, असे म्हणताना आपण एकदम एकटे, सुटे, आपल्यापुरते का होतो? विजयात आपला वाटा शून्य असून आपण तो पूर्ण घेतो. घाणीत आपला वाटा थोडा का होईना, खरोखरचा आहे. पहिला घ्यायचा आणि दुसरा नाकारायचा, हा अभिमान नव्हे, ही उधारी बुडवणे आहे. ज्याला 'माझी पेठ' म्हणायचे आहे त्याने पेठेचे येणे आणि देणे दोन्ही आपल्या नावावर घ्यावे. नाहीतर सरळ संन्यास घ्यावा आणि मॅचलाही जाऊ नये.

हा विचार करताना मला पतंजलींची यम-नियमांची यादी नव्याने वाचावी लागली. शौच, म्हणजे स्वच्छता, ही नियमांत येते. संतोष, तप, स्वाध्याय, ईश्वरप्रणिधान यांच्या पंगतीला. नियम म्हणजे साधकाने स्वतःशी पाळायची व्रते. आणि अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य, अपरिग्रह हे यम, दुसऱ्याशी वागताना पाळायचे. एकट्या बसलेल्या योग्यासाठी ही मांडणी ठीक असेल. त्याच्या स्वच्छतेचा दुसऱ्याशी काय संबंध? पण आपण गल्लीत राहणाऱ्यांनीसुद्धा शौच हे स्वतःपुरतेच ठेवले. आपले सोवळे सगळे आत येणाऱ्याविषयी. कशाला शिवायचे नाही, काय खायचे नाही, कुणाला उंबऱ्याच्या आत घ्यायचे नाही. याच विचारातून काही माणसांना आपण गावकुसाबाहेर ठेवले. आपल्यातून बाहेर काय जाते, यावर मात्र आपले सोवळे गप्प. धर्मशास्त्राने वाहत्या पाण्यात थुंकू नये, घाण करू नये असे सांगितले आहे, आणि आपण ते पाळतोही. घाटावर उभे राहून नदीत थुंकणारा माणूस दिसला तर आक्कासुद्धा त्याला फैलावर घेतील. ते काम आता आपल्याऐवजी पाइप करतो, जमिनीखालून, अंधारात, आणि आपण सोवळ्यात राहतो.

मला वाटते, गल्लीत राहणाऱ्या माणसासाठी शौच नियमांतून उचलून यमांत ठेवले पाहिजे, अहिंसेच्या शेजारी. माझे अंगण स्वच्छ असणे ही माझी शोभा झाली. माझ्या अंगणातून जे गेले त्याने कुणाचे पोर आजारी पडले नाही, हा धर्म झाला. आणि जी स्वच्छता आपली घाण नुसती पुढे ढकलते, ती दिसायला कितीही देखणी असली तरी ती हिंसाच आहे.

मग शेजारी कोण? आपल्या परंपरेत नातलगाचे नियम आहेत, अतिथीचे आहेत. पंचमहायज्ञांतला मनुष्ययज्ञ म्हणजे अतिथीचा सत्कार. शेजारी यांपैकी कुणीच नाही. त्याला आपण बोलावलेले नसते, तो रक्ताचा नसतो आणि तो जातही नाही. त्याच्याशी कसे वागायचे हे ग्रंथापेक्षा जागेने शिकवलेले मी पाहिले आहे. वाडीच्या समोर, पंचगंगेच्या पलीकडे कुरुंदवाड आहे. तिथल्या पाच मशिदींत गणपती बसतो. लहानपणी आम्ही तो बघायला नावेतून जायचो आणि त्यात काही विशेष आहे हे आम्हाला कुणी सांगितले नव्हते. कोल्हापुरातही अशा तालमी आहेत जिथे मोहरमचे पंजे आणि गणपती दोन्ही बसतात, आणि तिथी जुळल्या त्या वर्षी एकाच छपराखाली बसले. या माणसांना सर्वधर्मसमभावावर भाषण करायला सांगितले तर ती गडबडतील. पंजा कुठे, मखर कुठे, वर्गणी कुणी गोळा करायची, हे मात्र त्यांना नीट ठाऊक आहे. इथे जागेच्या अभिमानाने माणसाला आखडते केले नाही, रुंद केले. म्हणजे अभिमानाची हद्द वाढू शकते. ती धर्माच्या भिंतीवरून पलीकडे गेली आहे, तर नाल्यावरून पलीकडे का जाऊ नये?

माझी व्याख्या अगदी व्यवहारी आहे. आपण टाकलेले ज्याच्यापर्यंत पोचते, तो आपला शेजारी. भिंतीला भिंत लागून असलेला तर आहेच, पण आपल्या मोरीच्या खालच्या अंगाला जो जो पाणी भरतो, तो तो. या हिशेबात रुकडीचा शेतकरी, इचलकरंजीच्या लूमवरचा कामगार, शिरोळची भाजीवाली, वाडीच्या घाटावर स्नानाला उतरलेली कर्नाटकातली म्हातारी, सगळे शिवाजी पेठेचेच. पेठ तेवढी मोठी आहे, हे मान्य केले तर 'जगात भारी' म्हणायला माझी काही हरकत नाही.

गल्लीत हळूहळू काही बदलले. गणपतीची मूर्ती नदीत न नेता काहिलीत विसर्जन करणे आता पोरांना कमीपणाचे वाटत नाही. ज्या काहिलीत गूळ शिजतो तिच्यात देव बुडाला तर बिघडले कुठे, असे तेच आता म्हाताऱ्यांना समजावतात. निर्माल्याचा हौद तालमीच्या मागे झाला, त्यातले खत कुंड्यांना जाते. 'नाला आपल्या गल्लीत येत न्हाई' म्हणणाऱ्या पोराने नाल्याच्या तोंडाला स्वतः वेल्डिंग करून जाळी बसवली. ती पावसात तुंबते, मग ती काढायची की ठेवायची यावर भांडण होते, आणि ते भांडण व्हायलाच पाहिजे असे माझे मत आहे. ज्या गोष्टीवर गल्ली भांडते, ती गल्लीची झालेली असते. पुलावरून पिशवी सोडणारे गृहस्थ अजून सोडतात. आता नमस्कार मात्र इकडेतिकडे बघून करतात.

एक प्रस्ताव मी तालमीच्या सभेत मांडला आहे, तो अजून मंजूर झालेला नाही. स्वच्छ गल्लीचे परीक्षक कोण असतात? आपल्याच शहरातले, त्यांना कुंड्या आणि रांगोळ्या दाखवल्या की झाले. माझे म्हणणे, परीक्षक खालच्या अंगाचे आणावेत. इचलकरंजीचे, शिरोळचे, वाडीचे. त्यांना गल्ली दाखवायचीच नाही. त्यांनी येताना आपल्या घाटावरच्या पाण्याची बाटली आणावी आणि त्यावरून गुण द्यावेत. आक्का म्हणाल्या, "मग तर कुठल्याच पेठेला बक्षीस मिळायचं न्हाई." मी म्हटले, "काही वर्षं नाही मिळायचं." सभेत एकाने विचारले की परीक्षक म्हणून तुमचा भाऊ येणार काय. त्याला मात्र आणू नका, असे मी आधीच सांगून ठेवले आहे. तो बहिणीच्या गल्लीला उगीच चार गुण जास्त देईल.